ट्रॉलीचें चाकागणिक वजन

उंसाची ट्रॉली भरून कारखान्याच्या कांट्यावर गेली कीं तेथें जें वजन निघतें, तें आपण मोठ्या काळजीनें पाहतों; कारण त्या आंकड्यावर आपलें बिल निघतें. त्यांत थोडा फरक वाटला तरी आपण कांटेवाल्याशीं वाद घालण्यास कमी करीत नाहीं. परंतु तीच ट्रॉली ज्या चार टायरांच्या आधारानें कारखान्यापर्यंत आली, त्यांपैकीं प्रत्येकानें किती भार वाहिला, हें पाहण्याची चाल आपल्यांत नाहीं. प्रस्तुत लेखकासही ती नव्हती. ती लागण्यास काय कारण घडलें व त्यानंतर काय आढळून आलें, तें कृषिबंधूंच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहें.

आमचें कुटुंब एकत्र असून शेती कृष्णाकांठीं आहे. घरचा एक ट्रॅक्टर आणि उंसाच्या दोन चारचाकी ट्रॉल्या आहेत. ट्रॅक्टर पुतण्या चालवितो. घरचा ऊंस संपला कीं गांवांतील इतर खातेदारांचाही ऊंस तो वाहतो. मी महसूल खात्यांतील कारकुनींतून निवृत्त झाल्यापासून घरच्या हिशेबाची वही माझ्याकडे आली. त्या वहींत गेल्या हंगामांत खर्चाच्या बाजूस टायरची रक्कम तीन वेळां लिहावी लागली, आणि तिन्ही वेळां ती एकाच चाकाची होती. तें चाक म्हणजे मागील ट्रॉलीचें मागलें डावें.

पहिला टायर फुटला तेव्हां खडीचा दगड लागला असें आम्ही धरून चाललों. दुसरा फुटला तेव्हां दोष विक्रेत्याच्या माथीं मारला. कारण तो टायर रिमोल्ड केलेला होता, आणि त्या गृहस्थास दुकानावर जाऊन चार शब्द सुनावण्याचें कामही मींच केलें. तिसऱ्या वेळेस कोरा टायर, अवघ्या सात आठवड्यांचा, रात्रीं साडेनऊच्या सुमारास ओढ्याच्या मोरीजवळ फुटला. ट्रॉली डाव्या अंगास कलली, वरचा थर घसरला, आणि मोळ्यांवर बसून येणारा तोडणीच्या टोळींतील एक तरुण मजूर खालीं येऊन त्याचा पाय मांडींत मोडला. मोळ्यांवर माणूस बसूं देणें ही आमची चूक होती, ती कबूल केली पाहिजे. दवाखान्याचा खर्च आम्हीं दिला. परंतु मुकादमाकडून घेतलेली उचल त्या हंगामांत फिटावयाची, ती फिटली नाहीं. नवराबायकोचा एक कोयता होता, तो अर्धा झाला, आणि अर्ध्या कोयत्यास टोळींत काम राहिलें नाहीं. तीं दोघें हंगाम अर्ध्यावर टाकून बीडकडे परत गेलीं.

एकाच जागेचा टायर तीनदां जातो, तेव्हां कारण टायरांत नसून जागेंत आहे, हें ओळखावयास विशेष विद्या लागत नाहीं. मला तें तिसऱ्या वेळेस सुचलें, ही माझ्या नोकरीस शोभणारी गोष्ट नव्हे. गांवचा वसूल तपासतांना एकूण मागणी व एकूण वसूल यांचा मेळ बसला म्हणून जुना कारकून कधीं समाधान मानीत नसे. खातेवार बाकी उघडून पाहिली कीं एकाचा आगाऊ भरणा दुसऱ्याच्या थकबाकीस झांकून बसलेला आढळे. ट्रॉलीचें एकूण वजन हें गांवच्या एकूण वसुलासारखें आहे. टायर हा मात्र खातेदार होय. शेजारच्या टायरावर भार कमी आहे म्हणून त्याचा भार हलका होत नाहीं.

चाकागणिक वजन घेण्याची कल्पना माझी नव्हे. अमेरिकेंत मोटारीमागें जोडून नेण्याचीं चाकांवरचीं घरें असतात. त्यांत स्वयंपाकघर, शीतकपाट, पाण्याची टाकी, पलंग असा सर्व संसार भरलेला असतो. अशा घरगाड्यांचा टायर एकाच जागीं वारंवार जाण्याची तक्रार तिकडेही आहे, आणि तीच माझ्या वाचनांत आली. तेथील हमरस्त्यांवर मालमोटारींच्या थांब्यांशीं मोठे वजनकांटे आहेत. ‘कॅट स्केल’ नांवाची १९७७ सालीं निघालेली एक सांखळीच आहे. हे कांटे आंसागणिक वजन वेगळें काढून देतात. पण तेवढ्यानें भागत नाहीं, असें त्या लोकांस आढळून आलें. स्वयंपाकघर व शीतकपाट एका अंगास असतें, भिंतीबाहेर सरकणारी खोलीही पुष्कळदां एकाच अंगास असते. त्यामुळें आंसाचें वजन हद्दींत राहूनही त्याच आंसाचें एक चाक हद्दीबाहेर गेलेलें असतें. तिकडील चाळीस गॅलनांची टाकी भरली कीं पाण्याचेंच दीडशें किलो होतें, आणि ती मध्यावर नसली तर हें ओझें बहुतांशीं एका बाजूस पडतें. म्हणून जाणते लोक प्रत्येक चाकाखालीं वेगळी वजनपाटी ठेवून प्रत्येकाचा आंकडा निराळा घेतात. आमच्या ट्रॉलींत पलंग नाहींत. बाकी प्रकार तोच.

चार चाकांवर बारा टनांची ट्रॉली असेल तर प्रत्येकावर तीन टन, असा हिशेब आपण मनांत करतों. तो खरा ठरावयास भाराचा मध्य ट्रॉलीच्या बरोबर मध्यावर पडला पाहिजे. आमच्या ट्रॉलीच्या डाव्या व उजव्या चाकांतील अंतर सव्वापांच फूट, म्हणजे १६० सेंटिमीटर आहे. भाराचा मध्य डावीकडे केवळ आठ सेंटिमीटर, म्हणजे चार-पांच बोटें सरकला, तर अंतराचा विसावा हिस्सा सरकला. आणि त्याच प्रमाणानें एकूण भाराचा विसावा हिस्सा उजव्या बाजूचा कमी होऊन डाव्या बाजूस येतो. बारा टनांचा विसावा हिस्सा सहाशें किलो. म्हणजे डावीकडे ६६०० व उजवीकडे ५४००. उंसाच्या ढिगांत चार बोटांचा फरक डोळ्यांस दिसत नाहीं. त्यांत मागेंपुढें असा दुसरा फरक मिळाला कीं एखाद्या कोपऱ्याच्या चाकावर दोहोंचीही बेरीज येऊन पडते.

आमच्याकडे वजनपाट्या नव्हत्या. परंतु बाजाराच्या गांवीं एक खाजगी वजनकांटा आहे, तो खड्ड्यांत बसविलेला असून भोंवतालच्या सिमेंटच्या जमिनीशीं समपातळींत आहे. ट्रॉली कडेनें एका बाजूच्या चाकांवर न्यावयाची आहे असें सांगितलें तेव्हां मालकानें प्रथम आमच्याकडे विचित्र नजरेनें पाहिलें. दुप्पट पैसे देऊं केल्यावर रात्रींची गर्दी ओसरतांच या, असें तो म्हणाला.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. पुढल्या आंसाचें, मागल्या आंसाचें, डाव्या बाजूचें व उजव्या बाजूचें अशीं चार वजनें घेतलीं म्हणजे चारही चाकांचा हिशेब निघेल असें पुष्कळांस वाटतें. मलाही तसेंच वाटलें होतें. तो निघत नाहीं. समजा पुढें सहा टन, मागें सहा, डावीकडे सहा व उजवीकडे सहा असा आंकडा आला. यावरून प्रत्येक चाकावर तीन टन असूं शकतील. किंवा पुढलें डावें व मागलें उजवें यांवर चार-चार, आणि उरलेल्या दोहोंवर दोन-दोन असेंही असूं शकेल. चारही बेरजा त्याच राहतात. म्हणून निदान एका चाकास एकट्यानें कांट्यावर उभें केल्यावांचून गत्यंतर नाहीं.

आम्हीं केलें तें असें. जी ट्रॉली मागें चालते ती एकटीच ट्रॅक्टरला जोडली, भरलेली, नेहमींच्या पद्धतीनें. प्रथम तिचीं चारही चाकें कांट्यावर व ट्रॅक्टर कांट्याच्या पुढें, असें उभें करून एकूण वजन घेतलें. तें ११८०० किलो भरलें. चारचाकी ट्रॉलीची दांडी बिजागरीवर खालींवर हलते, त्यामुळें ट्रॅक्टरवर तिचा भार नांवापुरताच येतो. जवळजवळ सर्व वजन तिच्या चार चाकांवरच असतें. नंतर फेरा घेऊन ती कांट्याच्या कडेनें अशी नेली कीं डावीं चाकें कांट्यावर आणि उजवीं बाहेरच्या सिमेंटवर राहतील. ट्रॅक्टर कांटा ओलांडून गेला व दोन्ही डावीं चाकें कांट्यावर उरलीं, तेव्हां आंकडा ६५६० आला. आणखी पुढें घेतल्यावर पुढलें डावें चाक उतरून मागलें डावें एकटें राहिलें, तेव्हां ३७४० आला. वजाबाकीनें पुढलें डावें २८२०. मग दुसरा फेरा उजव्या बाजूनें घेतला. दोन्ही उजवीं मिळून ५२३०, मागलें उजवें एकटें २८९०, म्हणून पुढलें उजवें २३४०.

चौघांची बेरीज ११७९० होते. एकूण वजनाशीं दहा किलोंचा फरक राहिला, आणि तो कांटा दहा किलोंच्याच टप्प्यानें मोजणारा आहे. इतका मेळ जमाबंदीच्या वेळीं मला क्वचितच मिळाला असेल.

या कामांत ज्या चुका होण्यासारख्या आहेत त्याही सांगतों. बाहेरची जमीन कांट्याच्या पातळींत नसेल तर आंकडे खोटे येतात. उंसाच्या भरलेल्या ट्रॉलीच्या भाराचा मध्य जमिनीपासून सुमारें दोन मीटर उंच असतो. बाहेरची जमीन एक इंच खालीं असेल तर तेवढ्या कलण्यानें तो मध्य तीन सेंटिमीटर सरकतो आणि आमच्या ट्रॉलींत सव्वादोनशें किलोंहून अधिक भार एका बाजूकडून दुसरीकडे जातो. ज्या कांट्यावर उतार चढून जावें लागतें, जो जमिनीच्या वर बसविलेला असतो, त्यावर हा प्रयोग करूंच नये; बाहेरच्या चाकांस आधारच नसतो. आंकडा घेतांना ट्रॅक्टरची ओढ दांडीवर राहूं देऊं नये, ब्रेक दाबलेला नसावा, आणि ट्रॉलीचें हेलकावणें थांबेपर्यंत वाट पाहावी. कांट्यास वैधमापन खात्याची त्या वर्षाची मोहोर आहे कीं नाहीं हें मी संवयीनें पाहतों; २००९ च्या कायद्याखालील नियमांप्रमाणें अशा कांट्याची पडताळणी दर वर्षीं व्हावी लागते.

दोनचाकी ट्रॉलीची गोष्ट थोडी निराळी आहे. तिचा कांहीं भार ट्रॅक्टरच्या हुकावर असतो, म्हणून ती जोडलेली असतांनाच, दांडी नेहमींच्या उंचीवर ठेवून, डावें व उजवें चाक वेगवेगळें मोजावें. सोडवून मोजली तर चाकांवरचा आंकडा बदलतो.

आतां हे आंकडे टायराशीं ताडून पाहूं. टायरच्या अंगावर मापाच्या शेजारीं लहान अक्षरांत एक अंक असतो. आमच्या टायरांवर १०.०० – २० या मापापुढें १४६/१४३ असें आहे. हे किलो नव्हत. हे भाराचे सांकेतिक अंक आहेत, आणि त्यांचा सर्वत्र एकच तक्ता आहे. त्यांत १४६ म्हणजे ३००० किलो व १४३ म्हणजे २७२५ किलो. पहिला अंक चाकावर एकच टायर असतां लागू, दुसरा मालमोटारीच्या मागल्या आंसासारखी दोन टायरांची जोडी असतां प्रत्येकीं लागू. इतर टायरांवर १४१ असेल तर २५७५ किलो, १४४ असेल तर २८००, १५० असेल तर ३३५०. पुष्कळ टायरांवर किलो व पौंड हे भाराचे आंकडे आणि त्यास लागणारा हवेचा दाब हेंही स्पष्ट छापलेलें असतें. चिखल पुसला कीं वाचतां येतें. शेवटच्या चार अंकांच्या खुणेंत पहिले दोन आठवड्याचे व पुढले दोन सालाचे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत झालेला टायर.

आमच्या टायराची हद्द ३००० किलो. एकूण वजनास चारांनीं भागलें तर २९५० येतें. म्हणजे कागदावर प्रत्येकीं पन्नास किलो शिल्लक. पुतण्या हाच हिशेब मला हंगामभर सांगत होता आणि त्याचा भागाकार बरोबर होता. प्रत्यक्षांत मागल्या डाव्या चाकावर हद्दीपेक्षां ७४० किलो, जवळजवळ चौथाई, अधिक होतें. आणि त्याच वेळीं पुढल्या उजव्या चाकावर ६६० किलोंची जागा रिकामी होती.

अधिक भाराखालीं टायर लगेच फुटत नाहीं, म्हणूनच फसगत होते. भार वाढला कीं टायरची बाजू अधिक दबते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास ती दबून पुन्हां उठते, आणि या घडीउलगडीनें रबरांत व आंतल्या कापडी थरांत उष्णता धरते. ही उष्णता बाहेर पडण्यापेक्षां सांठण्याचा वेग जास्त झाला कीं थरांची पकड सुटूं लागते. हें नुकसान भरून येत नाहीं. आज रिकामी ट्रॉली नेली तरी काल सुटलेले थर जुळत नाहींत. फुटण्याचा दिवस मात्र दगडाच्या किंवा खड्ड्याच्या नांवावर लिहिला जातो. हवा कमी असली तरी हाच परिणाम होतो, आणि दोन्ही कारणें एकत्र झालीं तर विचारूं नये. थांबल्यावर हाताचा पालथा पंजा चारही टायरांजवळ नेऊन पाहावा. एखादा इतरांहून स्पष्ट गरम लागला तर त्याची चौकशी केली पाहिजे. आमचा गाडीवान हातोडीनें ठोकून हवा ओळखतो. त्या आवाजावर मीही इतकीं वर्षें विश्वास ठेवला. दाबमापकानें पाहिलें तेव्हां चारही टायरांचा आवाज एकसारखा असून मागल्या डाव्यांत इतरांहून अठरा पौंड हवा कमी निघाली.

डाव्याच बाजूचें चाक कां, याला दोन कारणें सांपडलीं. एक रस्त्याचें आहे. डांबरी रस्ता मध्यें उंच व कडेस उतरता असतो, आणि आपल्या देशांत वाहनें डावीकडून चालतात. म्हणजे भरलेली ट्रॉली घरापासून कारखान्यापर्यंत डाव्या अंगास किंचित् कलूनच जाते. शंभर फुटांस अडीच फूट उतार धरला तर दोन मीटर उंचीवरचा मध्य पांच सेंटिमीटर डावीकडे येतो. आमच्या ट्रॉलीच्या हिशेबानें साडेतीनशेंहून अधिक किलो डावीकडे, आणि त्यांतील निम्म्याहून जास्त, सुमारें दोनशें, मागल्या चाकावर. कांट्यावरच्या ३७४० चे रस्त्यावर असे ३९४० होत होते. समोरून बस आली कीं डावीं चाकें डांबराच्या कडेवरून साइडपट्टीवर उतरवावीं लागतात. ती पट्टी चार इंच खोल असेल तर मागल्या चाकावर आणखी पांचशें किलोंच्या घरांत भर पडते. मोरीजवळ त्या रात्रीं हेंच झालें. पुतण्यानें एका मालमोटारीस वाट दिली होती.

दुसरें कारण आमच्या रानांतलें आहे. आमच्या फडांत ट्रॉली बांधाच्या कडेस उभी राहते आणि तोडलेला ऊंस तिच्या डाव्या अंगास येतो. फळी डाव्या बाजूस मागच्या कोपऱ्याशीं लावतात. मजूर वीस-पंचवीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळी चढतो, आणि वर पोहोंचल्यावर जेथें पाय टेकला तेथेंच ती टाकतो. सकाळची मोळी पलीकडच्या बाजूपर्यंत जाते. दुपारनंतरची जात नाहीं. यांत मजुराचा दोष कोणी काढूं नये. दिवसभर वांकून तोडल्यावर तीच मोळी डोक्यावरून चढविणाऱ्यास आणखी चार पावलें चाल म्हणणें, हें बांधावर उभें राहणाऱ्यास सोपें आहे. शिवाय मोळ्या लांबींत टाकतांना सर्वांचे बुडखे एकजात मागें येत. उंसाचें वजन बुडख्याकडे जास्त, शेंड्याकडे कमी. तेव्हां मागल्या आंसावर ६६३० व पुढल्यावर ५१६० पडले यांत नवल नाहीं.

उपाय कळल्यावर साधेच वाटले. निम्मी भराई झाली कीं ट्रॉली फिरवून उभी करावयाची, म्हणजे तोडलेला फड तिच्या उजव्या अंगास येतो व फळीही तिकडे लागते. मजुरास एक पाऊलही जास्त चालावें लागत नाहीं. यास दहा मिनिटें व थोडें डिझेल लागतें. मोळ्यांचा एक थर बुडखे मागें व दुसरा थर बुडखे पुढें असा टाकावयाचा. हें मुकादमास पटवावयास मात्र दोन दिवस गेले. तिसरी गोष्ट म्हणजे भराईच कमी केली. ट्रॉलीचें रिकामें वजन २३०० किलो आहे. पूर्वीं साडेनऊ टन ऊंस चढत असे, तो आठ टनांवर आणला.

त्या भराईनें पुन्हां त्याच कांट्यावर गेलों. एकूण १०३०० किलो. पुढलें डावें २५६०, मागलें डावें २६९०, पुढलें उजवें २४८०, मागलें उजवें २५६०, बेरीज १०२९०. मागल्या डाव्या चाकांत रस्त्याच्या उताराचे पावणेदोनशें मिळविले तरी २८७० च्या आंतबाहेर राहतें. साइडपट्टीवर उतरल्यास अजूनही हद्द ओलांडली जाईल. म्हणून समोरून वाहन आलें तर डांबरावरच थांबावें, दुसऱ्यानें शिव्या दिल्या तरी, असें घरांत ठरलें आहे.

पुतण्याची पहिली हरकत पैशाची होती. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात; खेपेस दीड टन कमी म्हणजे दर सहा खेपांस एक खेप पाण्यांत, असें त्याचें म्हणणें. हिशेब जवळजवळ बरोबर आहे, तो मीं खोडला नाहीं. वहींतील तीन टायर, दोन ट्यूब, एक वांकलेली रिम, ट्रॉली उचलावयास आणलेली क्रेन आणि दवाखाना, या रकमा एका कागदावर लिहून त्याच्यासमोर ठेवल्या. तो कांहीं बोलला नाहीं. त्या कागदावर न लिहिलेली एक रक्कम बीडकडे गेली आहे, ती दोघांसही ठाऊक होती.

दुसरी हरकत अधिक विचारांत घेण्यासारखी आहे. टायरवरचा आंकडा मालमोटारीच्या वेगास लागू आहे. ट्रॅक्टर ताशीं वीस-पंचवीस किलोमीटरनें चालतो, मग कांहीं भार जास्त चालणार नाहीं काय? चालतो. टायर करणाऱ्या कंपन्या कमी वेगास जादा भार मान्य करतात, आणि तो किती व त्यासाठीं हवा किती हें त्यांच्या तक्त्यांत दिलेलें असतें. परंतु ही सवलत तक्त्याप्रमाणें हवा भरलेल्या, सुस्थितींतील टायरास आहे. ज्या टायरांत अठरा पौंड हवा कमी, जो रिमोल्ड केलेला किंवा उन्हापावसांत चार हंगाम काढलेला, त्यानें ती मागूं नये. आणि रिकामा परततांना हाच पुतण्या ट्रॅक्टर किती वेगानें आणतो, तें मीं एकदां मागच्या फळीवर बसून पाहिलें आहे.

हवेचा नियम त्या घरगाड्यावाल्यांकडूनच घ्यावा. एका आंसावरच्या दोन चाकांपैकीं ज्यावर भार जास्त, त्यास जेवढी हवा लागते तेवढीच त्या आंसावरील दोन्ही टायरांत भरावी. एकांत कमी व एकांत जास्त ठेवूं नये. आणि हवा टायर थंड असतां, सकाळीं निघण्यापूर्वीं मोजावी. चालून गरम झालेल्या टायरांत दाब वाढलेला दिसतो, तो पाहून हवा सोडणें ही मोठी चूक होय.

कायद्याचा या बाबतींत किती उपयोग, असा प्रश्न आमच्या जुन्या खात्यांतील एका स्नेह्यानें विचारला. मोटार वाहन कायदा १९८८ याच्या ११३ व्या कलमांत नोंदणीपत्रांतील एकूण वजन व आंसावरील वजन यांची मर्यादा घातलेली आहे, आणि १९४ व्या कलमाखालीं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, जादा भारास वीस हजार रुपये व शिवाय प्रत्येक जादा टनास दोन हजार असा दंड आहे. आमची पहिली भराई नोंदणीपत्राशीं ताडली तेव्हां तीही मर्यादेबाहेर निघाली. आतांची आंत आहे. म्हणजे दंड झाला नाहीं तो केवळ कोणी अडविलें नाहीं म्हणून. परंतु कायदा आंसापर्यंत येऊन थांबतो. एकाच आंसाचें डावें चाक वांकलें आहे आणि उजवें सुखांत आहे, हें पाहण्याचें काम त्यानें मालकावर सोडलें आहे.

शेवटीं संघाच्या चालकांस एक सूचना करावीशी वाटते. सर्वच गांवांजवळ जमिनीच्या पातळींतला कांटा असतो असें नाहीं, आणि असला तरी हंगामांत तो मोकळा मिळत नाहीं. चाकाखालीं ठेवावयाच्या वजनपाट्या सोईच्या असतात. त्या गाडींत घालून कोणत्याही फडावर नेतां येतात. त्यांचा एक संच संघानें विकत घेऊन सभासदांस भाड्यानें द्यावा. एकाच चाकाखालीं पाटी घातली तर तें चाक पाटीच्या जाडीइतकें उंच होऊन आंकडा चुकतो, म्हणून उरलेल्या चाकांखालीं तेवढ्याच जाडीच्या फळ्या द्याव्या लागतात. त्याही संचाबरोबर ठेवाव्या. हंगाम सुरू होण्यापूर्वीं ही खरेदी झाल्यास आमच्या गांवच्या अकरा ट्रॉल्यांचीं वजनें घेण्यास मी स्वतः वही घेऊन उभा राहीन. दरम्यान ज्या सभासदांस आपल्या ट्रॉलीचें चाकागणिक वजन घेतां येईल, त्यांनीं चार चाकांचे चार आंकडे, एकूण वजन, टायरवरील भाराचा अंक व हवेचा दाब, आणि फळी कोणत्या बाजूस लावली होती, एवढें एका पोस्टकार्डावर लिहून संघाच्या कचेरीकडे पाठवावें.